हवा भरली तरी टायरचा पिवळा दिवा जात नाही, रिसेट कसं करायचं?

प्रश्न (गंगापूर रोड): थंडी पडल्यापासून सकाळी गाडी चालू केली की टायरचा पिवळा दिवा लागतोय. काल दुपारी पंपावर चारही टायरमध्ये ३३ हवा भरली, तरी तसाच. शनिवारी आई-बाबांना घेऊन समृद्धीने नागपूरला निघायचंय.

उत्तर १: बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, जाईल.

उत्तर २ (अंबड): दादा, बॅटरीला हात नका लावू. त्याने टायरमधली हवा वाढत नाही. मी टायरचंच काम करतो, थंडीत अशा गाड्या रोज येतात. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवा दीड-दोन पॉइंट पडते. दुपारी तापलेल्या टायरमधली ३३ पहाटे ३० वर येते. म्हणून हवा सकाळीच भरा, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, जवळच्याच पंपावर. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. भरल्या गाडीसाठी बहुतेक वेळा वेगळा, जास्तीचा दिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तेवढी भरू नका.

आता रिसेट. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो. तिथे हवा बरोबर झाली की थोडं चालवल्यावर दिवा बहुधा आपोआप जातो. बाकीच्यांत एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) चाकाचे फेरे बघतं. हवा कमी झालेलं चाक जरा जास्त फिरतं, त्यावरून गाडी ओळखते. अशा गाडीला हवा भरल्यावर सांगावं लागतं. गाडी उभी, इग्निशन चालू, मीटरच्या मेनूत टायर प्रेशरचा पर्याय किंवा वेगळं बटण असेल ते दाबून धरा, मग थोडं अंतर चालवा. नेमकं कुठे ते मॅन्युअलमध्ये मिळेल. पण मापल्याशिवाय रिसेट करू नका. एका टायरमध्ये २५ असताना केलंत तर गाडी २५ लाच बरोबर धरते आणि पुढे गप्प बसते. समृद्धीवर १२० ने तासन् तास जाताना कमी हवेचा टायर दबून दबून तापतो आणि फुटतो. आई-बाबा गाडीत आहेत, म्हणून एवढं लिहिलं.

प्रश्नकर्ता: आज सकाळी मापली. तिन्हींत ३०, मागच्या डाव्यात २४!

उत्तर २: मग थंडीचं कारण नाही, तो टायर गळतोय. वॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडा, फुगा आला तर वॉल्व्ह. नाहीतर खिळा शोधा, तो लगेच उपटू नका, पंक्चरवाल्याकडेच काढा. काम झालं की सगळीकडे हवा भरून मग रिसेट. आणि स्टेपनी मापून घ्या, बहुतेक गाड्यांत तिच्यासाठी दिवा लागत नाही.