शाळांभोवतालच्या रस्त्यांचा अभ्यास महापालिकेच्या निर्णयापर्यंत न्यायचाय: कोणाला, कधी आणि काय घेऊन भेटायचं?

पदपथ_पुणे:

नमस्कार. आमचा छोटा अभ्यासगट पुणे महापालिकेच्या शाळांभोवतालच्या रस्त्यांची मोजणी करतो आहे. फाटकापासून 300 मीटरच्या परिघात पदपथाची मोकळी रुंदी, कडेची उंची, वाटेतले अडथळे (विजेच्या डीपी पेट्या, स्टॉल, लावलेल्या दुचाक्या), शाळा सुटतानाचा वाहनांचा वेग आणि मुलं रस्ता नेमका कुठून ओलांडतात, एवढं टिपतो. निम्म्या शाळा झाल्यात, उरलेल्या दिवाळीआधी होतील.

अहवाल छापला, सभागृहात प्रकाशन केलं आणि विषय संपला, असं होऊ द्यायचं नाहीये. पण स्टेकहोल्डरांची यादी करायला बसलो तर ती भलतीच लांबली: पथ विभाग, शिक्षण विभाग, वाहतूक पोलीस, नगरसेवक, मुख्याध्यापक, पालक, रिक्षा-व्हॅनवाले, पथारीवाले, संस्था, पत्रकार. सुरुवात कुठून करायची? निष्कर्ष पक्के होण्याआधी दाखवावेत का? आणि पदपथ मोकळा झाला तर ज्यांचं पोट तिथे आहे, त्यांच्याशी काय बोलायचं?

टिपणी_ते_ठराव:

यादी बाजूला ठेवा आणि आधी निर्णय एका वाक्यात लिहा. कोणी, कोणत्या कागदावर, कधीपर्यंत. "मुलांसाठी रस्ते सुरक्षित व्हावेत" हा निर्णय नाही. "पथ विभागाने पुढच्या अंदाजपत्रकात शाळांभोवतालच्या पदपथांसाठी स्वतंत्र अर्थशीर्ष (तरतुदीची वेगळी नोंद) ठेवावं" हा निर्णय आहे. असं वाक्य लिहिलं की यादीतले निम्मे लोक आपोआप मागच्या रांगेत जातात.

तुमच्या विषयात निर्णय एक नाही, निदान तीन आहेत, आणि ते तीन वेगळ्या टेबलांवर होतात.

पदपथाचं काम: 12 मीटर किंवा त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभागाकडे, त्याहून अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयांकडे. महापालिकेच्या बऱ्याच शाळा गल्लीबोळात आहेत, म्हणजे तुमचा खरा माणूस मुख्य इमारतीत नसून क्षेत्रीय कार्यालयातला कनिष्ठ किंवा उपअभियंता आहे. तुमच्या मोजणीच्या तक्त्यात रस्त्याच्या रुंदीचा रकाना नसेल तर आजच घाला. त्याशिवाय कोणती शाळा कोणाकडे न्यायची हेच ठरणार नाही.

फाटकासमोर नो पार्किंग, एकेरी वाहतूक: हे महापालिका करू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 ते 117 खाली वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त आदेश काढतात. अशी मागणी चुकून पथ विभागाला दिली तर "आमच्या अखत्यारीत नाही" असं पत्र येतं आणि त्यात महिने जातात.

शाळा सुटण्याच्या वेळा आणि व्हॅन कुठे थांबतील: हे शाळेच्या पातळीवर सुटतं. 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. अनेक ठिकाणी ती कागदावरच असते, पण बोलावता येते.

आता यादीतल्या प्रत्येक नावापुढे "प्रभाव जास्त-कमी" असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. त्याच्या हातात काय आहे ते लिहा: सही, पैसा, आकडे, किंवा काम अडवण्याची ताकद. ज्याच्यापुढे यातलं काहीच लिहिता येत नाही त्याला कळवत राहा, बैठकीला बोलावू नका.

वस्ती_संवाद:

वरचं सगळं बरोबर, पण एक धोका सांगते. फक्त सहीवाल्यांपासून सुरुवात केली तर अभ्यासाचा प्रश्नच त्यांच्या सोयीचा होत जातो. अभियंत्याला पदपथ दिसतो. पालकांना दिसतं ते वेगळं: कचऱ्याचा कंटेनर, दारूचं दुकान, न पेटणारा दिवा. म्हणून मोजणी चालू असतानाच, म्हणजे आत्ताच, पालकांशी बोला. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. नवी समिती बनवू नका, हीच वापरा. तिच्या इतिवृत्तात तुमचा विषय नोंदला गेला की तो शाळेचा अधिकृत कागद होतो.

बैठकीची वेळ सकाळी मुलांना सोडल्यानंतर लगेच. संध्याकाळी घरकाम करणाऱ्या बायका येऊ शकत नाहीत. दोन सत्रांची शाळा असेल तर दोन बैठका घ्या. दहा-बारा माणसं, दीड तास, भिंतीवर शाळेच्या परिसराचा मोठा नकाशा आणि रंगीत टिकल्या. लाल टिकली भीती वाटते तिथे, निळी मूल ओलांडतं तिथे. तुमच्या मोजणीचे बिंदू त्याआधी दाखवू नका, नाहीतर लोक तुमच्याच बिंदूंवर टिकल्या लावतात.

पथारीवाल्यांबद्दल. त्यांना थेट संयुक्त बैठकीला बोलावणं ही नेहमीची चूक. समोर अतिक्रमण विभागाचा माणूस बसला की विक्रेता गप्प बसतो, किंवा भांडायला उभा राहतो, आणि दोन्हीतून माहिती मिळत नाही. त्यांची बैठक आधी, वेगळी आणि दुपारच्या मंद वेळेत. 2014 चा पथविक्रेता कायदा नीट वाचून जा: नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला हवेत, आणि स्थलांतरासाठी 30 दिवसांची नोटीस लागते. "हटवा" असं तुमच्या अहवालात आलं तर समिती आणि संघटना पूर्ण प्रस्तावाला विरोध करतील, आणि त्यांचं चुकतंय असं म्हणता येणार नाही. त्याऐवजी मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार चालण्याची मोकळी पट्टी किमान 1.8 मीटर हवी. एखाद्या पदपथाची रुंदी 3 मीटर असेल तर स्टॉल कडेच्या पट्टीत सरकवून चालायची जागा राहते का, ते प्रत्येक ठिकाणी पाहा. जिथे राहते तिथे विक्रेते तुमच्या बाजूने उभे राहतात, कारण त्यांनाही नक्की जागा हवी असते. जिथे राहत नाही तिथे तसं स्पष्ट लिहा आणि पर्यायी जागा त्याच पानावर सुचवा. आणि दुचाक्या विसरू नका. जिथे मुलांची वाट त्यांनी अडवली आहे, तिथे बोट फक्त भाजीवालीकडे दाखवणं अन्याय आहे.

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं उदाहरण पुण्यातच आहे. 1993 पासूनची कचरावेचकांची ही संघटना. वेचकांच्या कामामुळे महापालिकेचा कचरा उचलण्याचा किती खर्च वाचतो, हे त्यांनी अभ्यासातून मांडलं, आणि ते मांडताना वेचक स्वतः त्या मांडणीत होते. 2008 मध्ये वेचकांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला त्यामागे ही बरीच वर्षांची तयारी होती.

अर्धविराम:

निष्कर्ष आधी दाखवावेत का, या प्रश्नावर थोडं.

दाखवा, पण दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवा. आकडे बरोबर आहेत का हे विचारायला मसुदा द्या. आकड्यांचा अर्थ काय काढायचा यावर कोणाचाही व्हेटो नको. विभागाला पत्र लिहितानाच स्पष्ट करा: "15 दिवसांत तथ्यात्मक दुरुस्त्या कळवाव्यात. आलेल्या सूचना आणि त्यावरचं आमचं उत्तर परिशिष्टात छापलं जाईल." दोन्ही बाजू शिस्तीत राहतात. प्रत्येक पानावर "मसुदा" आणि तारीख हवी, नाहीतर जुना आकडा व्हॉट्सॲपवर वर्षभर फिरत राहतो.

संबंधित अधिकाऱ्याला आपल्या विभागाबद्दलचा निष्कर्ष पेपरात पहिल्यांदा वाचायला मिळाला, तर पुढचे सहा महिने तो खुलासे करण्यात घालवतो. पत्रकारांना अहवाल जरूर द्या, पण विभागाच्या हाती पडल्यानंतर.

अहवालाची मांडणी 1-3-25 पानांची ठेवा, ही पद्धत कॅनडातल्या आरोग्य संशोधन क्षेत्रातून आली. एका पानावर मुख्य मुद्दे, तीन पानांत सारांश, पंचवीस पानांत अभ्यास. पहिलं पान मराठीत आणि टिपणीत (फाइलवर वरिष्ठांसाठी लिहिली जाणारी नोंद) जसंच्या तसं उतरवता येईल असं लिहा: संदर्भ, वस्तुस्थिती, प्रस्ताव, अंदाजे खर्च. खर्चाशिवाय दिलेला प्रस्ताव अभियंता बाजूला ठेवतो, कारण तो आकडा त्यालाच काढावा लागतो. दरसूचीनुसार (कामांच्या सरकारी दरांची यादी) प्रतिमीटर ढोबळ हिशोब करून द्या.

पोलिसांचे अपघाताचे आकडे जोडणार असाल तर ते हद्दीनुसार असतात, शाळेनुसार नाही. शिवाय किरकोळ जखमेची नोंद होतच नाही. "या शाळेपाशी अपघात शून्य" असं वाक्य त्यामुळे लिहू नका. मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो सादरीकरणात नकोत, पालकांची संमती असली तरी.

पदपथ_पुणे:

फार उपयोगी. रुंदीचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता, आजच घालतो. दोन शंका उरतात. अंदाजपत्रकासाठी नेमकं कधी पोचायचं? आणि आज ऐकून घेणारा अधिकारी उद्या बदलून गेला तर?

टिपणी_ते_ठराव:

विभागांच्या मागण्या साधारण दिवाळीच्या सुमारास गोळा व्हायला लागतात. आयुक्तांचं अंदाजपत्रक जानेवारी ते मार्चच्या दरम्यान स्थायी समितीपुढे येतं, मग मुख्य सभेत. फेब्रुवारीत निवेदन घेऊन जाणारा उशिरा पोचलेला असतो, तोपर्यंत विभागाचा आकडा ठरून गेलेला असतो. तेव्हा सगळ्या शाळा पूर्ण होण्याची वाट पाहू नका. झालेल्या शाळांचं एक पान आणि खर्चाचा अंदाज ऑक्टोबरमध्येच अभियंत्याकडे द्या. संधी हुकलीच तर दोन वाटा राहतात: नगरसेवकांच्या 'स' यादीतून (त्यांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची अंदाजपत्रकातली यादी) एक-दोन शाळांचं काम, किंवा वर्षाच्या मध्ये वर्गीकरणाचा प्रस्ताव. वर्गीकरण म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी कामाचे पैसे वळवणं, त्यामुळे तिथे विरोधक तयारच असतात. पावसाळ्यात खोदाई बंद असते हेही धरून चाला. मार्चमध्ये मंजूर झालेलं काम निविदेतून बाहेर पडेपर्यंत जून उजाडतो आणि थेट ऑक्टोबरवर जातं.

नवं धोरण मागू नका. पुण्याचं पादचारी धोरण 2016 मध्येच झालं आहे. तुमचा प्रस्ताव त्याच्या अंमलबजावणीचा आहे असं लिहिलं की निम्मा वाद टळतो. उलट 2018 चं पार्किंग धोरण बघा: मुख्य सभेत मंजूर झालं, पण शुल्काला इतका विरोध झाला की रस्त्यावर उतरलंच नाही. ज्यांच्या खिशाला ते लागणार होतं त्यांची तयारी मंजुरीच्या आधी व्हायला हवी होती.

बदलीबद्दल: एका माणसावर काम टांगून ठेवू नका. त्या टेबलाच्या वरचा आणि खालचा, दोघांना पहिल्या भेटीपासून सोबत घ्या. कनिष्ठ अभियंता आणि लिपिक सहसा जास्त काळ तिथे राहतात. प्रत्येक भेटीनंतर 48 तासांत एका पानाचं पत्र कार्यालयात आवक करून (नोंदवून) पोच घ्या: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. नव्या साहेबांना तुम्ही माहीत नसता, पण आवक क्रमांकाचं पत्र फाइलमध्ये असतं. मार्च 2022 नंतर बराच काळ प्रशासक होते तेव्हा स्थायी समिती आणि मुख्य सभा या दोन्ही पायऱ्या एकाच टेबलावर आल्या होत्या. म्हणून स्टेकहोल्डरांचा तक्ता दर तीन महिन्यांनी नव्याने भरा.

आणखी एक कायमची जागा आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 67अ नुसार दरवर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभेपुढे ठेवावा लागतो. चालण्याबद्दलची तुमची आकडेवारी त्यात जाऊ शकते का, हे पर्यावरण विभागाला मार्च-एप्रिलमध्ये विचारा. एकदा तक्ता त्यात बसला की पुढच्या वर्षी तोच तक्ता भरण्यासाठी विभाग तुम्हाला शोधत येतो.

वस्ती_संवाद:

प्रगती मोजताना किती बैठका झाल्या, किती लोक आले हे मोजू नका. प्रत्येक शाळेपुढे पायऱ्यांचे रकाने करा: पत्र, टिपणी, विषयपत्र (समितीपुढे मंजुरीसाठी जाणारा प्रस्ताव), तरतूद, निविदा, काम. कोणत्या रकान्यावर किती शाळा अडल्यात ते महिन्यातून एकदा पाहा. सगळ्या टिपणीवर अडल्या असतील तर खर्चाचा अंदाज कच्चा आहे, तरतुदीवर अडल्या असतील तर नगरसेवकांकडे जायला हवं. निविदेवर अडल्या तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, 10 रुपये शुल्क आणि 30 दिवसांची मुदत. पण आधी अभियंत्याला फोन करा. अर्ज पहिल्या दिवशी टाकला तर त्याच्याशी संवाद तिथेच तुटतो.

आणि हा तक्ता शाळा व्यवस्थापन समितीलाही दर तिमाहीला द्या, काहीच हललं नसेल तरीही. टिकल्या लावणाऱ्या पालकांना पुढे काय झालं ते कळलं नाही, तर दुसऱ्या बैठकीला कोणी येत नाही.