गणित चुकले की वही फाडणारी मुलगी : घरात काय करावे?

प्रश्न (एक पालक, नाशिक)

माझी मुलगी तिसरीत आहे. गणित चुकले किंवा खेळात हार झाली की ती वही भिरकावते, पान फाडते आणि बराच वेळ हुंदके देत राहते. शाळेतून मात्र तिच्याबद्दल कधीच तक्रार येत नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे गृहपाठाच्या वेळी आजी तिच्याजवळ असतात आणि तिचे रडणे पाहवत नाही म्हणून हातात मोबाइल देतात. ती लगेच शांत होते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार घडतो. तिला स्वतःला सावरता यावे यासाठी आम्ही काय करावे?

उत्तर (प्राथमिक शिक्षिका)

शाळेत दिवसभर आवरून धरलेला ताण बरीच मुले घरी, विश्वासाच्या माणसांपुढे मोकळा करतात. म्हणून शाळेतून आल्यावर खाणे आणि मोकळा खेळ झाल्याशिवाय वही उघडू नये. रडू कोसळलेले असताना समजावलेले काही तिच्यापर्यंत पोहोचत नाही, त्या वेळी जवळ बसावे, आवाज खाली ठेवावा आणि "गणित चुकलं म्हणून तुला फार वाईट वाटतंय ना?" एवढेच विचारावे. वस्तू फेकू देऊ नयेत, रडू मात्र द्यावे. पुढच्या वेळी असे झाले तर पाणी प्यायचे, गॅलरीत जाऊन यायचे की आजींना हाक मारायची, हे रात्री जेवणानंतर निवांतपणे तिलाच ठरवू द्यावे.

उत्तर (मानसशास्त्राचा अभ्यासक)

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांवर केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. समोरचा खाऊ लगेच खाल्ला तर एकच मिळेल, थांबले तर दोन मिळतील, असे मुलांना सांगितले होते. ज्यांना थांबणे जमले, त्यांतील अनेकांनी डोळे झाकले, तोंड फिरवले किंवा गाणी म्हटली. म्हणजे मन दुसरीकडे वळवण्याच्या युक्त्या त्यांना अवगत होत्या, आणि युक्त्या शिकवता येतात. या प्रयोगावरून मुलांच्या पुढील यशाची जी भाकिते केली गेली, ती नंतरच्या अभ्यासांत बरीच सौम्य ठरली, त्यामुळे त्यांची धास्ती घेऊ नये.

मला अधिक मोलाचा वाटतो तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला रॉचेस्टर विद्यापीठाचा प्रयोग. त्यात काही मुलांना आधी चित्रकलेचे चांगले साहित्य देण्याचे वचन दिले आणि पाळले, तर काहींच्या बाबतीत ते मोडले. त्यानंतर खाऊसमोर पहिल्या गटातील मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, दुसऱ्या गटातील जेमतेम ३ मिनिटे. मुलाचा संयम समोरच्या मोठ्या माणसाच्या शब्दावर इतका अवलंबून असतो! "रविवारी बागेत नेतो" असे म्हटले असेल तर न्यावे. जमणार नसेल तर आधीच सांगावे आणि दुसरा दिवस ठरवून तो पाळावा.

उत्तर (एक आजी, सांगली)

कृपया आजींना दोष देऊ नका. नातवंड रडू लागले की आमचा जीव कासावीस होतो, आणि मोबाइलशिवाय दुसरा उपाय कोणी आम्हाला सांगितलेलाही नसतो. मोबाइल कधी आणि किती वेळ मिळेल हे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे, म्हणजे ते नाकारण्याचा भार एकट्या आजींवर पडणार नाही. शिवाय दप्तर भरणे, डबा घासायला ठेवणे, दुसऱ्या दिवशीचा गणवेश काढून ठेवणे ही कामे तिच्याकडे सोपवावीत. एखादी वही घरी राहिली तर ती घेऊन शाळेत धावू नये. तिने ते बाईंना स्वतः सांगावे.

उत्तर (समुपदेशक)

रडण्याचा रोख वारंवार गणितावरच असेल, तर तिला फळ्यावरचे नीट दिसते का आणि अंक समजण्यात काही अडचण आहे का, हे आधी तपासून घ्यावे. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली मूळचीच अडचण, लक्षात न आल्यामुळे मुलाला हट्टी ठरवले जाण्याचे प्रकार घडतात आणि त्यात त्या मुलावर मोठा अन्याय होतो. झोप किंवा भूक बिघडली, ती शाळेत जायचे टाळू लागली किंवा स्वतःला इजा करू लागली, तर घरगुती उपायांवर न थांबता बालरोगतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क बोलता येते. पालकही तेथे स्वतःसाठी दूरध्वनी करू शकतात.