मांजर कायमचं आजारी असू शकतं हे कळल्यावर तुम्ही काय ठरवलंत?

माझी मनी ११ वर्षांची आहे. आधी पाण्याच्या वाडग्याकडे ढुंकून बघायची नाही, आता दोनेक महिने झाले नळ सोडला की धावत येते, लिटर बॉक्समधले गोळेही दुप्पट मोठे निघायला लागले. पण खात होती, उड्या मारत होती म्हणून मी मनावर घेतलं नाही. मग सहज वजन केलं तर ४.२ किलोवरून ३.७!! रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनी कमी काम करायला लागली की रक्तात वाढतं ते) २.३, आणि लघवीची घनता १.०१८ म्हणजे पाण्यासारखी पातळ. डॉक्टर म्हणाल्या किडनीचा जुना आजार असू शकतो पण एका रिपोर्टवर मी शिक्का मारणार नाही, तीन-चार आठवड्यांनी परत बघू, तेव्हा प्रेशर आणि लघवीतलं प्रोटीनही तपासू.

या "असू शकतो"ने माझी झोप उडालीये. आजार आहे म्हटलं असतं तर कामाला लागले असते, नाही म्हटलं असतं तर सुटले असते. नवरा म्हणतो सगळ्या टेस्ट करून टाकू, सासूबाई म्हणतात तिला सुखाने राहू दे, आणि मनीला बॅगेत घालायचं म्हणजे दोन माणसं, एक टॉवेल आणि वर बॅगेत शू. "काळजी घ्या, बरी होईल" असं नका लिहू प्लीज. तुम्ही काय केलंत, काय मुद्दाम नाही केलंत, आणि आज परत वेळ आली तर काय वेगळं कराल ते सांगा.

* * *

आमचा बोक्या साडेतीन वर्षं किडनी पेशंट होता, कळलं तेव्हा १४ वर्षांचा आणि क्रिएटिनिन ३.४, म्हणजे तुमच्या मनीपेक्षा आजाराची पुढची पायरी. मी पहिल्याच दिवशी उत्साहात जुनं खाणं बंद करून किडनीचं पथ्याचं खाणं समोर ठेवलं. साहेबांनी दोन दिवस उपोषण केलं. मी आपली वाट बघतेय भूक लागली की खाईल, कुत्रं खातं ना तसं. डॉक्टरांनी चांगलंच झापलं, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते आणि जाडं असेल तर जास्तच धोका, किडनी राहते बाजूला आणि लिव्हरसाठी धावपळ होते. मग चमचाभर नवं बाकी जुनं असं करत करत महिन्याने बदललं. ते पण पूर्ण नाही, तीन भाग नवं एक भाग जुनं यावर तो अडला आणि आम्हीही मान्य केलं. त्या खाण्यात मुख्य म्हणजे फॉस्फरस कमी असतो, तेवढ्याने भागलं नाही तर फॉस्फरस बांधून ठेवणारी पावडर खाण्यात मिसळायला देतात.

सलाईनचं मला सगळ्यात टेन्शन होतं. खांद्यांच्या मध्ये कातडं चिमटीत धरून तंबू करायचा आणि त्यात सुई. पहिल्या वेळी सुई आरपार गेली, सगळं पाणी केसांवरून माझ्या मांडीवर, बोक्या निवांत. पंधरा दिवसांत हात बसला. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, गार सलाईन गेलं की मांजर उठून चालायला लागतं. आमचं दिवसाआड १०० मिली होतं पण ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, हार्टचा त्रास असेल तर हेच पाणी छातीत साठू शकतं. आणि आत्ता लगेच सलाईन सुरू करायची घाई करू नका, तुमची मनी खातेय पितेय.

वेगळं काय केलं असतं? वजन. दोन वर्षं मी त्याला "वयाने बारीक झालाय" म्हणत होते. ४ किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा, हे डोक्यातच आलं नाही.

* * *

सगळे किडनी किडनी म्हणतील, पण थायरॉइड बघितलंय का? आमची भुरी १३ वर्षांची, दुष्काळातून आल्यासारखी खायची आणि तरी हाडं दिसायला लागली, रात्री दोनला हॉलमध्ये उभी राहून बोंबलायची. आम्हाला वाटलं म्हातारपणी भ्रमिष्ट झाली. टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, तपासला तर भरपूर वाढलेला.

पण खरी गंमत पुढे (गंमत म्हणजे तेव्हा रडू येत होतं). गोळ्या सुरू केल्या, थायरॉइड उतरला, आणि आत्तापर्यंत नॉर्मल असलेलं क्रिएटिनिन वर गेलं. मी डॉक्टरांशी भांडायला निघाले होते की तुमच्या गोळीने किडनी बिघडवली. तर त्यांनी नीट समजावलं, थायरॉइड वाढलेला असतो तेव्हा किडनीला रक्त जोरात मिळतं त्यामुळे रिपोर्ट चांगला दिसतो, किडनी आधीपासूनच अधू होती, फक्त झाकलेली होती. वर अशा मांजरांचे स्नायू झडलेले असतात आणि क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं, म्हणून तो आकडा त्यामुळेही कमी दिसतो. मग डोस कमी करून दोन्ही सांभाळणं सुरू झालं. गोळी तोंडातून थुंकायची म्हणून कानाच्या आत चोळायचं मलम घेतलं, ते लावताना ग्लोव्हज घालायचे नाहीतर औषध आपल्याच अंगात जातं. तर मनीचं पुढचं रक्त घेतील त्यातच टी-फोर करायला सांगा, परत सुई नको.

* * *

आमच्याकडे डायबेटिस. तोही आधी "असू शकतो" होता, कारण दवाखान्यात घाबरूनच मांजराची साखर वर जाते. म्हणून फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी केली, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेची सरासरी कळते. निघाला.

दर १२ तासांनी इन्सुलिन. मी ऑफिसला जाणारा एकटा माणूस, पहिल्या रात्री खरंच विचार केला की हे मला झेपणार नाही, आणि असा विचार आला याची नंतर लाजही वाटली. डॉक्टर म्हणाले एक महिना करून बघा मग सांगा. इंजेक्शन हा तर सगळ्यात सोपा भाग निघाला, ती खाताना देतो, तिला कळतही नाही. अवघड काय तर रात्रीचं जेवण, सिनेमा, गावाला जाणं, सगळं घड्याळाला बांधलेलं. एकदा ती जेवली नाही आणि मी सवयीने पूर्ण डोस दिला, तासा-दीड तासात लडखडायला लागली. हिरड्यांना मध चोळला आणि पळालो. वाचली. तेव्हापासून नियम, आधी खाणं मग सुई, नाही खाल्लं तर आधी फोन.

पण कमी कार्बचं खाणं आणि लवकर सुरू केलेलं इन्सुलिन, यामुळे काही मांजरांची साखर इन्सुलिनशिवाय आटोक्यात राहायला लागते. आमचीची चौथ्या महिन्यात राहिली. दीड वर्ष झालं. परत येऊ शकतो म्हणून मोजतो अधूनमधून.

* * *

लिहू की नको करत होते. माझी १६ वर्षांची होती. उलट्या, वजन उतरलेलं, सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड. एकतर आतड्याची जुनी सूज नाहीतर हळू वाढणारा लिम्फोमा (एक कॅन्सर), आणि यातलं नक्की कुठलं ते बायॉप्सीशिवाय, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, सांगता येत नाही. म्हणजे भूल, पोटावर टाके. डॉक्टरांनी हेही स्पष्ट सांगितलं की आधी स्टेरॉइड दिलं तर नंतर बायॉप्सीचं उत्तर धूसर येऊ शकतं, म्हणजे आत्ताच ठरवा. मी त्यांना विचारलं, उत्तर कळल्यावर आपण काय वेगळं करणार? ते म्हणाले लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडच्या जोडीला केमोची गोळी. मी तिच्याकडे बघितलं, ती दवाखान्यात टेबलाखाली माझ्या पायांत शिरून बसली होती. म्हटलं नाही. फक्त स्टेरॉइड, उलटीचं औषध आणि जे आवडेल ते खाणं.

पाच महिने मिळाले, त्यातले साडेतीन फार छान. तिला नक्की काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते शेवटच्या आठवड्याचं. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिक, वाईटाला फुली करत होते. सलग चार फुल्या झाल्या, पाचव्या दिवशी तिने दोन चमचे खाल्ले आणि मी टिक केली. ती टिक खोटी होती. ती अंग चाटायची बंद झाली होती, खिडकीत जायची बंद झाली होती. तिला चार दिवस आधी सोडायला हवं होतं.

* * *

वरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही ताई.

माझं छोटंसं. माझ्या मांजरीच्या हृदयाच्या ठोक्यात जादा आवाज (मर्मर) निघाला आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करेपर्यंत डॉक्टरांनी एकच काम दिलं, गाढ झोपलेली असताना श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या आत हवेत. घुरघुर करत असेल तेव्हा मोजायचं नाही. त्याने मला हाताला काम मिळालं नाहीतर वेड लागलं असतं. मनीचं पाणी आणि वजन तसं लिहून ठेवा. आणि दुखत असेल म्हणून माणसांचं पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका कोणी, मांजराला ते विष आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

* * *

रस्त्यावरून आणलेल्या तीन महिन्यांच्या पिल्लाची एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा व्हायरस) टेस्ट पॉझिटिव्ह आली होती, एकाने थेट "कशाला ठेवता" म्हणून सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्या लहानपणी आईकडून आलेल्या अँटीबॉडी दिसतात, सहा महिन्यांचा झाला की परत करा. निगेटिव्ह. आत्ता तो माझ्या कीबोर्डवर आहे. आणि पॉझिटिव्ह असता तरी ठेवलाच असता, तशी मांजरं वर्षानुवर्षं जगतात.

बॅगेचं, ती कपाटात नका ठेवू, कायम उघडी ठेवा हॉलमध्ये, आत जुना शर्ट. आमच्या डॉक्टरांनी निघायच्या दोन तास आधी द्यायला गॅबापेन्टिन (मांजर शांत राहायचं औषध) दिलं होतं, विचारून बघा, फरक पडतो.

* * *

मनीची आई परत आली. सगळ्यांचं दोनदा वाचलं, एकाचं चारदा.

काल दुसरी तपासणी झाली. क्रिएटिनिन २.२, टी-फोर नॉर्मल, लघवी अजून पातळच, प्रोटीन जात नाहीये. म्हणजे आहे, किडनीच, दुसरी पायरी. पण प्रेशर निघालं १८५, शांत बसवून परत घेतलं तरी तेवढंच. असंच राहिलं असतं तर डोळ्याचा पडदा सुटून एका रात्रीत आंधळी होऊ शकली असती म्हणाल्या, आणि मी महिनाभर फक्त क्रिएटिनिन धरून बसले होते. प्रेशरची गोळी सुरू. खाणं बदलायचं पण चमचा चमचा. सलाईन आत्ता नाही. दर रविवारी वजन, प्रेशर आठवड्याने परत. सासूबाईंनी वहीत रकाने आखलेत, पाणी किती, शू किती, आणि "मूड" असा एक रकाना स्वतःच्या मनाने वाढवलाय.

आता एकच विचारायचंय, ही एवढीशी गोळी तिचे पाव तुकडे कसे करता तुम्ही? माझा नुसता भुगा होतोय.