रिझी ए बिझी: मटारची सालं घालायची का?

इटलीत पादोव्यात राहते. 25 एप्रिलला, संत मार्कोच्या सणाला, सासूबाईंकडे कोवळ्या मटारचा हा भात होतोच. पूर्वी याच दिवशी व्हेनिसच्या दोजेला (तिथल्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाला) वाढायचे. यंदा मी करणार आहे. त्या सालंही शिजवतात. कडू नाही होत? आणि भात किती सैल हवा?

प्रतिसाद: सालं टाकू नका हो, सगळी चव तिथेच! शिरा काढून अर्धा-पाऊण तास उकळा, वाटा, गाळणीवर पळीने दाबून गाळा. हिरवंगार दाटसर पाणी निघतं, भात त्यातच शिजवायचा. शेंगा कोवळ्या हव्यात, जून असल्या की उग्र लागतं. तांदूळ व्हेरोनाकडचा विआलोने नानो घ्या. बासमती नकोच.

प्रतिसाद: आपल्या आसट भातासारखा, पण चमच्यानेच खाता येईल इतका सैल. गॅस बंद करून लोणी नि किसलेलं चीज घाला. निवला की आळतो, म्हणून पळीभर पाणी राखून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती: खूप आभार! पानचेत्ता (खारवलेलं डुकराचं मांस) वगळेन, मी शाकाहारी आहे.

प्रतिसाद: मग चीजही बघून घ्या. पार्मिजानोत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असतं. वेष्टनावर वनस्पतिजन्य रेनेट लिहिलेलं दुसरं चीज मिळतं, ते आणा.