हरणांचे जवळून फोटो: कपड्यांच्या रंगापेक्षा साबण बघा

बरेच जण सांगतात की कॅमो (झाडापानांत मिसळून जाणाऱ्या नक्षीचं) जॅकेट घातलं की हरणं जवळ येऊ देतात, ते मला अर्धंच पटतं. हरणांना लाल-नारिंगी आपल्यासारखं वेगळं दिसतच नाही, पण निळा रंग छान दिसतो आणि थोडा अल्ट्राव्हायोलेटसुद्धा (आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश), आणि कपडे चमकदार दिसावेत म्हणून बऱ्याच डिटर्जंटमध्ये जे ब्राइटनर असतात ते नेमके त्याच निळ्या रंगात उजळतात, म्हणजे महागडं कॅमो असल्या पावडरीत धुतलं की संध्याकाळच्या उजेडात तुम्ही उलट जास्त उठून दिसणार. ब्राइटनर नसलेला साधा साबण वापरा आणि जीन्स तर घालूच नका.

आणि वाऱ्याबद्दल कुणी बोलतच कसं नाही? वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे वाहत असेल तर बाकी सगळी तयारी वाया, वास लागला की संपलंच. सरळ त्यांच्या रोखाने चालू नका, तिरकं, थांबत थांबत जा, शटर सायलेंटवर ठेवा. चरताना मान झटकन वर आली, कान तुमच्याकडे वळले की आहात तिथेच थांबायचं, परत चरायला लागेपर्यंत कॅमेराही उचलायचा नाही. हरीण पाय आपटायला लागलं तर मात्र हळूच मागे या, फोटो राहिला तरी चालेल, आणि सोबत पिल्लू असेल तर मुळात जवळ जाऊच नका प्लीज.