ईएन-८ शाफ्ट: लेझर हार्डनिंगनंतर जोडावर नरम

कुपवाड_टर्नर: ४० मिमी शाफ्ट, ईएन-८ म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाचा. लेझर फिरलेल्या पट्ट्यावर ५५ एचआरसी (रॉकवेल कडकपणा) येतं, दोन पट्ट्यांच्या जोडावर ४२च. पॉलिशही लेझरनेच जमेल का?

मिरज_टूलरूम: ओव्हरलॅपमध्ये दुसऱ्या पट्ट्याची उष्णता पहिल्याची कड टेम्पर करते, म्हणजे परत तापवून नरम करते. जोड नरम राहणारच! लेझरचा स्पॉट रुंद घ्या, जोड बेअरिंगच्या जागेबाहेर काढा. पाणी मारू नका. आतलं थंड पोलादच क्वेंच करतं (झटकन थंड करून कडक करतं), म्हणून तर पातळ भिंतीवर हे फसतं.

सातारा_ग्राइंडर: तेल पुसलंय ना? चकचकीत ग्राइंडिंग किरण परतवतं. पायरोमीटर (न शिवता तापमान मोजणारं उपकरण) लावा, नाहीतर कीवेच्या (चावी बसायच्या खाचेच्या) कडा आधी वितळतील.

मिरज_टूलरूम: पॉलिशला वरचा मायक्रॉनमधला थर वितळवतात, आर्गॉन वायूखाली. गंधकवाल्या फ्री-कटिंग पोलादात छिद्रं पडतात. तुमच्या शाफ्टला ग्राइंडिंगच स्वस्त पडेल.