बेडसाइड सोनोग्राफी : विद्यार्थ्यांचा हात कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते. गेल्या वर्षापासून शेवटच्या वर्षाच्या मुलांना रुग्णाच्या खाटेशीच सोनोग्राफी शिकवायला घेतली आहे. त्यांना रेडिऑलॉजिस्ट करायचं नाहीये. रात्री दोनला धाप लागलेला रुग्ण आला तर फुप्फुसाभोवती पाणी आहे की हवा, अपघाताच्या रुग्णाच्या पोटात रक्त साठलंय का, एवढं इंटर्नला कळावं, बस्स.

पडद्यावरचं चित्र मुलं पटकन ओळखतात. 'मॉरिसन्स पाऊच, यकृत आणि किडनीच्या मधे काळी पट्टी' हे सगळे एका सुरात सांगतात. प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) हातात दिला की मात्र अडतं. परवा एका मुलीने रुग्णाच्या छातीवर प्रोब ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, लंग स्लायडिंग नाहीये." म्हणजे श्वासाबरोबर फुप्फुस सरकताना दिसत नाही. रुग्ण तर निवांत श्वास घेत होता. बघते तर डेप्थ (किती खोलवरचं दाखवायचं ते) अठरा सेंटिमीटरवर, प्लुरा (फुप्फुसाचं आवरण) पडद्याच्या अगदी वरच्या कडेला चिकटलेला. पाचवर आणल्याबरोबर ती पांढरी रेघ श्वासासरशी सरकताना दिसली. तिला फार आनंद झाला, पण बटण फिरवलं मी, तिने नाही. तेव्हापासून हे मनातून जात नाही.

वीस जणांची बॅच, मशीन एक, वेळ तासभर. म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटं. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली मशीनची नोंदणी आयसीयूच्या जागेची, त्यामुळे ते लेक्चर हॉलमध्ये नेता येत नाही. कायद्याबद्दल तक्रार मुळीच नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा १९९४चा. तो का लागला हे आपल्याला कुणी सांगायला नको. सराव आम्ही फक्त पुरुष रुग्णांवर, त्यांना विचारूनच करतो.

सुईच्या सरावासाठी घरी जिलेटिनमध्ये इसबगोल घालून फँटम (सरावासाठी शरीराचा नकली नमुना) केला, आत शीर म्हणून पाणी भरलेलं ग्लोव्हचं बोट. चित्र सुरेख आलं, पण एप्रिलच्या उकाड्यात अकरापर्यंत सगळं पातळ झालं.

तीन मिनिटांत हात कसा बसवता तुम्ही? आणि परीक्षा कशी घेता?

प्रतिसाद

मॅडम, मी कॅज्युअल्टीत शिकवतो. रांगेतल्या मुलांना रिकामं उभं करू नका. प्रत्येकाच्या गळ्यात आयकार्ड असतंच. ते जोडीदाराच्या अंगावर उभं धरायला सांगा. सोनोग्राफीचा छेद तसाच पातळ असतो. सरकवणं, कलवणं, फिरवणं या तिन्ही हालचाली मशीनशिवाय होतात. डाव्या बाजूला प्लीहा-किडनी बघताना मुलं फार पुढे राहतात, बोटांची पेरं गादीला टेकेपर्यंत हात मागे न्यायला लावा.

परीक्षेला मी डेप्थ आणि गेन (चित्राचा उजळपणा) मुद्दाम बिघडवून ठेवतो. आधी मशीन सावरायचं, मग रुग्ण. स्वतःचे हात मात्र पाठीमागे बांधून उभं राहायचं, हे मलाच सर्वांत जड गेलं.

फँटमला जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरा, उन्हाळ्यात वितळत नाही. थोडा ठिसूळ असतो, सुया जास्त टोचल्या की तडकतो.

धागाकर्ती

मनापासून आभार, सर. आयकार्ड उद्याच्याच बॅचला करून बघते. चायना ग्रास लिटरभर पाण्याला किती घालता, आणि इसबगोल ते उकळतानाच की उतरवल्यावर?